स्लॅब भरण्याआधी

रुग्णालयाच्या इमारतीतला एक कॉरिडॉर घेऊ. खालच्या स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३.९ मीटर. स्लॅब धरून बीमची खोली ७५० मिलिमीटर, खाली फरशी आणि तिच्या बेडचे ७५. म्हणजे फरशीपासून बीमच्या तळापर्यंत ३.०७५ मीटर. आर्किटेक्टने फॉल्स सीलिंग दाखवले आहे २.६ मीटरवर. मधे राहिले ४७५ मिलिमीटर. त्यातून सीलिंगची फ्रेम आणि दिवे यांचे सव्वाशे गेले, उरले साडेतीनशे. एसीचा डक्ट इन्सुलेशनसकट ४५० मिलिमीटर उंचीचा. अग्निशमनाची मुख्य पाइप दीडशेची. वरच्या टॉयलेटकडून येणारी सांडपाण्याची पाइप ११० मिलिमीटरची, आणि तिला साठास एक असा उतार. बारा मीटर गेली की ती वीस सेंटिमीटर खाली उतरलेली असते. केबल ट्रे आणि ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या अजून मोजलेल्याच नाहीत.

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, एसीवाला आणि प्लंबिंग कन्सल्टंट या चौघांची ड्रॉइंग्ज वेगवेगळी तपासली तर प्रत्येक बरोबर आहे. चौघांच्या सह्या आहेत, वर ‘बांधकामासाठी योग्य’ असा शिक्काही आहे. तरी कॉरिडॉर बसत नाही. हे कळते कधी? स्लॅब भरून, सेंटरिंग उतरवून दोन महिने झाल्यावर, डक्टवाला शिडीवर चढतो तेव्हा. मग कोअर कटिंगचे मशीन बीमला लागते. भोक कॉलमच्या जवळ पडले तर तिथल्या रिंगा कापल्या जातात, आणि नेमक्या त्याच जागी बीमला त्यांची सर्वांत जास्त गरज असते. कुणी डक्ट चपटा करायला सांगतो. तसे केले की हवेचा वेग आणि आवाज वाढतो, पंख्यावरचा ताण वाढतो. कुणी सीलिंग २.४ वर आणतो. शेवटी ‘एक्स्ट्रा आयटम’ची फाइल तयार होते आणि पैसे कुणी द्यायचे यावर पत्रव्यवहार सुरू होतो. ज्याने बांधकामात दहा-वीस वर्षे काढली आहेत त्याला हे सगळे तोंडपाठ असते.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बीआयएम, हा विषय प्रकल्प व्यवस्थापनाच्या अंगाने मांडायचा तर या कॉरिडॉरपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. या विषयावरचे बहुतेक लेखन सॉफ्टवेअरपासून सुरू होते: कोणते बटण दाबल्यावर भिंत येते, दार कसे बसते. ते शिकायलाच हवे, आणि शिकवणारे वर्ग पुण्या-मुंबईत ठिकठिकाणी आहेत. पण साइट इंजिनिअरला, प्रकल्प व्यवस्थापकाला, पैसे घालणाऱ्या मालकाला त्याच्या पुढचे हवे असते. या पद्धतीने माझे काम कुठे सोपे होते, पैसा कुठे वाचतो, आणि त्यासाठी माझ्या वागण्यात मला काय बदलावे लागेल, या प्रश्नांची उत्तरे पुढच्या प्रकरणांत आहेत. ही प्रस्तावना त्यांची वाट मोकळी करण्यापुरती.

ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन रेघा. त्या भिंत आहेत हे वाचणाऱ्याने ओळखायचे. बीआयएममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. तिची जाडी, ती विटेची की ब्लॉकची, ती आगीला किती तास तोंड देईल, कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या तारखेला बांधायची आहे, हे सारे तिच्यासोबत असते. प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन हे त्या एकाच इमारतीचे वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले छेद. दार सरकवले की ते प्लॅनमध्येही सरकते, सेक्शनमध्येही, आणि दारांच्या यादीतही त्याची नोंद बदलते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी वास्तुशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लेख लिहून सांगितले होते की इमारत रेखाटण्याऐवजी तिचे वर्णन संगणकात साठवावे आणि रेखाचित्रे त्यातून काढून घ्यावीत. हंगेरीत गाबोर बोयार यांनी १९८२ मध्ये ‘ग्राफिसॉफ्ट’ काढली. पुढे ‘आर्किकॅड’ हे सॉफ्टवेअर याच कंपनीतून आले. पण तिचे सुरुवातीचे काम होते पाक्श येथील अणुवीज प्रकल्पातल्या पाइपांचे त्रिमितीय मॉडेल. पाइपांच्या गर्दीतून वाट काढणे ही या क्षेत्राची अगदी पहिल्यापासूनची गरज आहे. ‘रेव्हिट’ २००० मध्ये बाजारात आले, दोन वर्षांनी ते ‘ऑटोडेस्क’ने विकत घेतले, आणि त्यानंतर ही पद्धत मोठ्या ऑफिसांतून लहान ऑफिसांपर्यंत झिरपली.

आता पुन्हा कॉरिडॉरकडे. चौघांची मॉडेल्स एकमेकांवर ठेवली की संगणक काही मिनिटांत सांगतो: या बीममध्ये हा डक्ट घुसतो आहे. याला क्लॅश म्हणतात. काही क्लॅश प्रत्यक्ष घुसखोरीचे असतात. काहींत वस्तू एकमेकींना लागत नाहीत, पण व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला, फिल्टर काढायला जागा राहत नाही. माझ्या मते दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. पहिला आज ना उद्या दिसतोच. दुसरा इमारत चालू झाल्यावर देखभालवाल्याला वर्षानुवर्षे त्रास देतो.

नवख्या चमूचा गोंधळ इथेच होतो. पहिल्याच तपासणीत काही हजार क्लॅशची यादी छापून येते आणि ती सगळ्यांना मेल केली जाते. अशा यादीचा उपयोग शून्य. एकच डक्ट पन्नास सळयांना लागला की ते पन्नास क्लॅश मोजले जातात, पण निर्णय एकच घ्यायचा असतो. जाणता समन्वयक आधी यादी गाळतो, प्रश्नांची मोट बांधतो, आणि आठवड्याच्या बैठकीत मोजकेच विषय ठेवतो. त्या बैठकीला निर्णय घेऊ शकणारी माणसे लागतात. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा प्रतिनिधी पाठवला की आठवडा फुकट गेला. कुणी कुणाला वाट द्यायची याचा क्रम आधी ठरलेला असावा. उताराने वाहणारी पाइप सर्वांत आधी, कारण तिचा उतार मोडता येत नाही. मग मोठे डक्ट. मग दाबाखालच्या पाइपा, त्यांना वळवता येते. केबल ट्रे शेवटी. आमच्या कॉरिडॉरमध्ये असे बसून पाहिले तर मार्ग निघतो: डक्ट दोन लहान डक्टमध्ये विभागायचा, सांडपाण्याची पाइप बारा मीटर न नेता जवळच्या शाफ्टमध्ये उतरवायची, आणि अग्निशमनाच्या पाइपसाठी बीमच्या गाळ्याच्या मधल्या भागात, खोलीच्या मध्यावर, जादा सळई देऊन स्लीव्ह सोडायची. स्लॅब भरण्याआधी स्लीव्हचा खर्च म्हणजे पाइपचा एक तुकडा आणि सळईवाल्याचा अर्धा तास. भरल्यानंतर तीच गोष्ट किती महाग पडते ते वर आलेच आहे.

प्रकल्प व्यवस्थापनाला बीआयएमचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ हाच की वाद साइटवरून टेबलावर येतात. टेबलावर वाद घालायला काँक्रीट लागत नाही, माणसे खोळंबत नाहीत, क्रेनचे भाडे चढत नाही. अमेरिकी वास्तुरचनाकार पॅट्रिक मॅक्लीमी यांनी २००४ च्या सुमारास याचा आलेख मांडला. काम जसजसे पुढे जाते तसतसा बदलाचा खर्च चढत जातो आणि बदल करण्याची मुभा घटत जाते. म्हणून डिझाइनचे कष्ट अलीकडे ओढा. मालकाला हे पचायला जड जाते, कारण सुरुवातीचे काही महिने जमिनीवर काही दिसत नाही आणि कन्सल्टंटची बिले मात्र येत राहतात. आपल्याकडे भूमिपूजन आणि खोदकाम यांची घाई सगळ्यांनाच असते. ती घाई आवरणे हे व्यवस्थापकाचे काम आहे, आणि मॉडेल त्याच्या हातात त्यासाठी पुरावा देते.

मॉडेलला वेळापत्रक जोडले की त्याला फोर-डी म्हणतात, आणि खर्च जोडला की फाइव्ह-डी. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे. ती उभारणाऱ्या महामेट्रोने तिथे सुरुवातीपासून फाइव्ह-डी बीआयएम स्वीकारले. त्रिमितीय मॉडेल, वेळापत्रकाचे ‘प्रिमाव्हेरा’ आणि हिशेबाचे ‘सॅप’ एकमेकांना जोडून कामाची प्रगती आणि खर्च एकत्र पाहण्याची व्यवस्था उभी केली. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आज अनेकांनी पाहिला असेल: खाली चालू रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, आणि त्याच रचनेत छत्रपती नगर, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्थानके. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक आले आहेत.

अशा ठिकाणी बार चार्ट अपुरा पडतो. ‘गर्डर उचलणे, चार दिवस’ एवढे त्यात लिहिलेले असते. क्रेन कुठे उभी राहील, तिचा हात कुठवर फिरेल, त्या वेळी खालच्या रस्त्याची कोणती मार्गिका बंद असेल, शेजारच्या खांबाचे शटरिंग उतरलेले असेल की नाही, हे बार चार्ट सांगत नाही. वेळापत्रक जोडलेल्या मॉडेलमध्ये त्या तारखेची साइट समोर उभी राहते. रेल्वेचा ब्लॉक तासांत मोजून मिळतो. त्या तासांत काय काय व्हायचे याची रंगीत तालीम आधी पडद्यावर करता येते, आणि ती क्रेनचालकाला, रिगरला, मुकादमालाही दाखवता येते. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही त्यालाही हलते चित्र कळते. सुरक्षिततेचाही लाभ यातच आला. स्लॅबमधल्या उघड्या जागा, कठडा नसलेल्या कडा आठवडाभर आधी दिसतात.

खर्चाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे, कारण इथे भाबडेपणाने केलेले दावे फार ऐकू येतात. मॉडेलमधून मोजमाप ‘आपोआप’ निघते हे खरे. पण बिल कशावर निघते? आपल्याकडे मोजमापाचे नियम आयएस १२०० मध्ये आहेत, आणि त्यांची रीत मॉडेलच्या भूमितीपेक्षा वेगळी आहे. प्लास्टरचे उदाहरण घ्या. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत वजावट एकाच बाजूची. दुसऱ्या बाजूची सोडायची, कारण तिच्या बदल्यात दाराच्या कडांचे प्लास्टर वेगळे मोजत नाहीत. तीनच्या वर गेले की दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. आता एक मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दार धरा. क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर. नियमाने वजावट २.१, मॉडेल वजा करते ४.२. अशी तीनशे दारे असतील तर फरक ६३० चौरस मीटर प्लास्टरचा, आणि कडा मॉडेलमध्ये धरल्या नसतील तर हा फरक तसाच बिलात उतरतो. बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथे मॉडेल नीट जोडलेले नसेल तर तेच काँक्रीट दोनदा मोजले जाते, ही दुसरी जागा.

म्हणून मॉडेलचे आकडे बीओक्यूत, म्हणजे कामांच्या परिमाणांच्या यादीत, चिकटवण्याआधी नियम मॉडेलमध्ये घालावे लागतात, आणि हे काम मोजमापाचा जाणता माणूसच करू शकतो. ज्याने मोजमाप पुस्तकात वर्षानुवर्षे नोंदी केल्या आहेत त्या बिलिंग इंजिनिअरला बीआयएमच्या चमूत मानाचे पान मिळायला हवे. एकदा नियम बसले की लाभ मोठा आहे. मालकाचा, कन्सल्टंटचा आणि कंत्राटदाराचा असे तीन वेगळे आकडे घेऊन भांडण्याची गरज राहत नाही. डिझाइनमध्ये बदल झाला की त्याचा पैशांत काय परिणाम झाला ते त्याच आठवड्यात कळते. आरए बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारे बिल, कोणत्या कामाचे आहे ते मॉडेलमध्ये रंगाने दाखवता येते. रंग भरलेला आणि जागेवर काम नाही, असे झाले तर ते उघड होते. पैशांचा व्यवहार स्वच्छ ठेवण्याचे हे साधन आहे, आणि मला त्याचे मोल फार वाटते.

आता माहितीच्या एकाच साठ्याबद्दल. साइटवर सर्वांत महाग पडणारी वस्तू म्हणजे जुने ड्रॉइंग. ऑफिसात रिव्हिजन पाच निघालेली असते आणि सळईवाल्याच्या हातात तीन असते. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो चारचा असतो. बीआयएममध्ये सर्वांसाठी एकच सामायिक साठा असतो. कच्चे काम, इतरांना तपासायला दिलेले काम, मंजूर होऊन बांधायला सोडलेले काम आणि जुने झालेले काम अशी त्यात स्पष्ट वर्गवारी असते. आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग २०१८ च्या डिसेंबरात आले, ते मुख्यतः याच शिस्तीबद्दल आहेत. ब्रिटिश सरकारने २०११ मध्ये जाहीर केले आणि २०१६ च्या एप्रिलपासून केंद्र सरकारच्या कामांना बीआयएम सक्तीचे केले, त्यामागेही हीच शिस्त होती. सिंगापूरने तर मंजुरीसाठी द्यायचे नकाशेच मॉडेलच्या रूपात मागायला सुरुवात केली.

आणि इमारत पुरी झाल्यावर? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ मध्ये हिशेब मांडला की एका सॉफ्टवेअरची माहिती दुसऱ्याला न कळल्यामुळे त्या देशाच्या बांधकाम क्षेत्राचे वर्षाला १५.८ अब्ज डॉलरचे नुकसान होते. आणि त्यातले दोन-तृतीयांश, १०.६ अब्ज, मालक आणि देखभाल करणाऱ्यांच्या माथी येते. आपल्याकडे पुरी झालेली इमारत ताब्यात देताना कागदांचे गठ्ठे दिले जातात. पाचव्या वर्षी शाफ्टमध्ये गळती झाली की कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा हे फक्त जुन्या प्लंबरला माहीत असते. मॉडेलमध्ये प्रत्येक पंपाची क्षमता, वॉरंटी, सुट्या भागांचा क्रमांक नोंदून ते ताब्यात दिले तर देखभालवाल्याचे आयुष्य बदलते. इमारत बांधायला तीन वर्षे लागतात, वापरायची असते पन्नास.

इतके सगळे लाभ सांगितल्यावर लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वेमार्गाची गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. बीआयएम वापरात तो जगातला अग्रणी प्रकल्प. ४२ किलोमीटरचे बोगदे २०१२ ते २०१५ मध्ये खणून झाले. रेल्वे २०१८ च्या डिसेंबरात धावायची होती. धावली २४ मे २०२२ रोजी. खर्चाची १४.८ अब्ज पौंडांची मर्यादा १८ अब्जांच्या पलीकडे गेली. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये कारणे मांडली: काम ३६ मुख्य कंत्राटांत वाटलेले, त्यांच्या जोडणीची जोखीम नीट सांभाळली गेली नाही, आणि ठरलेली तारीख धरून ठेवण्याच्या हट्टापायी वेळापत्रक दाबत नेले. मॉडेल उत्तम होते. कंत्राटांच्या सांध्यांवर आणि तारखेबद्दलच्या हट्टावर मॉडेलचा इलाज चालत नाही. जो विक्रेता सांगतो की सॉफ्टवेअर घ्या, प्रकल्प वेळेत होईल, त्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

मग लहान कंत्राटदाराने, सोलापूर-सांगलीकडच्या सात मजल्यांच्या इमारतीवर काम करणाऱ्या इंजिनिअरने, याकडे कसे पाहावे? सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना महाग आहे, संगणक ताकदीचा लागतो, शिकलेली मुले मोठ्या शहरांकडे जातात. या अडचणी खऱ्या आहेत. पण सगळे एकदम करायची गरज नाही. सुरुवात टॉयलेटचे शाफ्ट, जिना, लिफ्टची मशीनरूम आणि पार्किंगच्या छतापासून करावी. बहुतेक तोडफोड तिथेच होते. एवढ्या भागांचे मॉडेल स्लॅबच्या आधी तयार झाले तरी पहिल्याच इमारतीत त्याचे मोल कळते. मॉडेल पाहायला, फिरवून तपासायला फुकट मिळणारी साधने आहेत, आणि आयएफसी हे मॉडेलच्या फाइलचे खुले स्वरूप असल्याने एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायची गरज नाही. पुनर्विकासाच्या कामात तर सभासदांना आपले घर आधी आत शिरून पाहता येते. नंतरच्या किती तक्रारी त्यातून टळतात!

पुढच्या प्रकरणांत मी सॉफ्टवेअरचे नाव जिथे टाळता येईल तिथे टाळले आहे, आणि आपल्या साइटवर बोलले जातात तेच शब्द वापरले आहेत. विद्यार्थ्यांनी मोजमापाचे प्रकरण सोडून पुढे जाऊ नये. ते रुक्ष आहे, पण नोकरीत पहिल्या महिन्यापासून तेच लागते. अनुभवी वाचकांनी कंत्राटाचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.

निविदा काढणाऱ्यांना, मग ते सरकारी कार्यालय असो, विकासक असो की गृहनिर्माण संस्था, माझी एक विनंती आहे. ‘काम बीआयएम पद्धतीने करावे’ एवढी एक ओळ टाकून थांबू नका. मॉडेल कुणी करायचे, कोणत्या टप्प्याला त्यात किती तपशील हवा, त्याची मालकी कुणाची, मोजमाप कोणत्या नियमाने काढायचे आणि काम संपल्यावर ते कोणत्या खुल्या स्वरूपात तुमच्या हाती द्यायचे, हे निविदेतच लिहा आणि त्याचे पैसे वेगळ्या आयटमखाली द्या. ज्या कामाचा आयटम बीओक्यूत नसतो ते काम साइटवर होत नाही.